जैव अभियांत्रिकीचे महाविद्यालय निवडताना

बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न उभा राहतो, "आता पुढे काय?" मुलामुलींची डॉक्टर होण्याची इच्छा असते, परंतु नीट परीक्षेत गुण कमी पडतात. अशा वेळी कोणीतरी सांगतो, "बायोइंजिनिअरिंगला घाला. डॉक्टरकी आणि इंजिनिअरिंग दोन्ही त्यात आले." पालक धावपळ करून मिळेल तेथे प्रवेश घेतात आणि मग चार वर्षे पस्तावतात. तसे होऊ नये यासाठी हा लेखनप्रपंच.

प्रथम हे लक्षात घ्यावे की ही पदवी घेऊन कोणी डॉक्टर होत नाही. तो इंजिनिअरच होतो. या क्षेत्राच्या मुख्य दोन वाटा आहेत. बायोमेडिकल इंजिनिअरिंग ही यंत्राची वाट. ईसीजी, डायलिसिस, कृत्रिम अवयव हे तिचे विषय. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने तयार केलेली कृत्रिम हृदयझडप १९९० साली प्रथम रुग्णाला बसविण्यात आली, ते याच विद्येचे फळ. बायोटेक्नॉलॉजी ही जिवंत पेशीची वाट. पूर्वी इन्सुलिन जनावरांच्या स्वादुपिंडातून काढीत. १९८२ पासून जीवाणूंकडून तयार करून घेतलेले मानवी इन्सुलिन बाजारात आले. मुलाचा ओढा कोणीकडे आहे हे ओळखूनच फॉर्म भरावा. बी.एस्सी. बायोटेक्नॉलॉजी ही विज्ञानाची पदवी आहे, अभियांत्रिकीची नव्हे, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरी गोष्ट अकरावीतच ठरते. "जीवशास्त्राची आवड आहे ना, मग गणित कशाला?" असे म्हणून अनेक मुले गणित सोडतात. परंतु अभियांत्रिकीची एमएचटी-सीईटी भौतिक, रसायन व गणित या विषयांची असते. गणित सोडले की हे दार बंद झाले. म्हणून ज्यांचे मन दोन्हीकडे आहे त्यांनी गणित व जीवशास्त्र हे दोन्ही विषय ठेवावेत.

आता महाविद्यालयाविषयी. इमारत, बाग आणि रंगीत माहितीपत्रक पाहून भुलू नये. महाविद्यालयाला एआयसीटीईची मान्यता आहे का, हे पाहावे. नॅक ही संपूर्ण संस्थेचे मूल्यमापन करते, तर एनबीए एकेका अभ्यासक्रमाचे. तेव्हा "आमच्याकडे एनबीए आहे" असे सांगितल्यास "याच शाखेला आहे का?" असे विचारावे. बहुधा ते दुसऱ्याच एखाद्या शाखेला असते.

त्यानंतर एक दिवस मोडून मुलासह तेथे जावे. प्रयोगशाळा उघडून दाखवा म्हणावे. बायोटेक्नॉलॉजीसाठी फर्मेंटर, सेंट्रीफ्यूज चालू स्थितीत आहेत का? बायोमेडिकलसाठी जवळच्या एखाद्या रुग्णालयाशी करार आहे का? शेवटच्या वर्षाच्या मुलांना बाजूला घेऊन विचारावे, "या यंत्राला तुमचा हात कितीदा लागला? प्रकल्प कोठे केला? मागची तुकडी कोणत्या कामाला लागली?" सगळीच मुले सॉफ्टवेअरच्या नोकरीत गेली असतील तर त्यातून काय समजायचे ते समजावे. पुण्या-मुंबईसारख्या ठिकाणी लस व औषधनिर्मितीचे उद्योग आणि मोठी रुग्णालये हाताशी असतात, हा लाभ लहान नाही.

पैशाची बाजू सर्वांत महत्त्वाची. माझ्या परिचयातील एका एस.टी. वाहकाच्या मुलाने केंद्रीय प्रवेश फेरीबाहेर, संस्थास्तरावरील जागेवर प्रवेश घेतला. "शिष्यवृत्ती नंतर मिळेल" असे तेथे तोंडी सांगण्यात आले. ती मिळाली नाही. पतपेढीचे कर्ज अजून फिटते आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असल्यास भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. त्यापुढे शिक्षण व परीक्षा शुल्काच्या प्रतिपूर्तीची राज्याची योजना आहे. परंतु व्यवस्थापन कोट्यातील जागेला हा लाभ नाही. म्हणून प्रवेश कॅप फेरीतूनच घ्यावा. जात पडताळणीचा अर्ज बारावीच्या आरंभीच करावा. शासकीय वसतिगृहात जागा न मिळाल्यास स्वाधार योजनेची चौकशी करावी.

पसंतीक्रम भरताना घाई नको. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर तीच स्वीकारावी लागते. जेथे खरोखर जायचे आहे तेच नाव सर्वांत वर लिहावे.

आणि या शाखेसाठी चांगले महाविद्यालय मिळालेच नाही तर? तर निराश होऊ नये, आणि केवळ नावासाठी वाईट महाविद्यालयही घेऊ नये. चांगल्या महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल किंवा केमिकल घ्यावे. पुढे गेट परीक्षा देऊन बायोमेडिकलमध्ये एम.टेक. करता येते. मुंबईच्या आयआयटीत अशा निरनिराळ्या शाखांतील पदवीधर हा अभ्यासक्रम करतात. २०२० पासून गेटमध्ये बायोमेडिकलचा स्वतंत्र पेपरही आहे. दार चार वर्षे उशिरा उघडले तरी ते उघडतेच.

शाखेचे नाव पदवीपत्रावर राहते. हातात राहते ती विद्या. तेव्हा पालकांनी आधी विद्या कोठे मिळते ते पाहावे, नाव मागाहून.