घोंगडीला मशीन नको गं!

गेल्या पावसाळ्यात माझ्या हातून घरातली एक वस्तू गेली. सासऱ्यांची घोंगडी. ते गेल्यावर माण तालुक्यातल्या गावाहून ती आमच्या मुलुंडच्या फ्लॅटवर आली आणि माळ्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत पडून राहिली. जुलैत काढली, तर हा कुबट वास! म्हटलं, मशीनला लावू. गरम पाणी, नेहमीची पावडर, वर ड्रायर. बाहेर आलं ते पुठ्ठ्यासारखं कडक, आक्रसलेलं काहीतरी.

सासूबाई ओरडल्या नाहीत. नुसता हात फिरवत म्हणाल्या, "अगं, ऊन दाखवायचं, झटकायची. झालं." त्या रात्री जेवताना कुणीच बोललं नाही.

तशीच नवी आणू म्हणून चौकशी केली, तेव्हा कळलं की ते सोपं राहिलेलं नाही. ही लोकर आपल्या दख्खनी मेंढीची. काळी, आखूड, भरड. दुष्काळी माळावर धनगरांबरोबर मैलोन्मैल चालणारी मेंढी ती. वर्षातून दोनदा कातरली तरी लोकर मिळते जेमतेम अर्धा किलो. म्हणजे अडीच किलोच्या घोंगडीत पाच मेंढ्यांचं वर्ष! पण आज भाव आहे मटणाला. लोकरीतून कातरणीची मजुरीही सुटत नाही. मग कळपात माडग्याळसारख्या उंच जातीचे नर सोडतात. पिल्लं वजनदार होतात, पण अंगावर लोकर कमी. लोकर नाही तर सणगरांच्या मागावर विणायचं काय?

दिवाळीत गावी गेलो, तेव्हा एका सणगरांकडे एक मिळाली. टोचते म्हणून घाबरू नका. विणताना ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात, वापरून ती मऊ पडते.

आता मात्र मी शहाणी झालेय. लोकरीच्या धाग्याला बारीक खवले असतात. गरम पाणी आणि घुसळण मिळाली की ते एकमेकांत अडकतात आणि कापड आटतं, ते परत सुटत नाही. म्हणून धुणं क्वचितच, गार पाण्यात, रिठ्याने. घासायचं नाही, पिळायचं नाही. दाबून पाणी काढायचं आणि सावलीत आडवी पसरायची. दोरीवर टांगली तर ओल्या वजनाने ओघळते. डाग काढणाऱ्या एन्झाइमच्या पावडरी तर नकोतच, त्या लोकरीचं प्रथिनच खातात.

कसरीचंही तसंच. घामाचा, तेलाचा डाग असेल तिथे ती आधी लागते. मेअखेरीस कडक ऊन दाखवून, झटकून, जुन्या सुती साडीत बांधून ठेवायची. कडुलिंबाचा वाळलेला पाला घाला, पण पाल्याच्या भरवशावर झटकणं सोडू नका. प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडते, आमच्या मुंबईच्या पावसात तर विचारूच नका.

आटलेली घोंगडी सासूबाईंनी टाकू दिली नाही. कात्रीने कापली तरी कडा उसवेनात. तिची दोन आसनं झाली. एकावर त्या पोथी वाचायला बसतात, दुसरं त्यांनी माझ्या पाटावर घातलंय.