जुन्या जीपच्या गंजलेल्या ब्रेक नळ्या

कोकणात बऱ्याच बागायतदारांकडे वीस-पंचवीस वर्षांची जीप अजून आंब्याच्या पेट्या नि खताची पोती वाहत असते. इंजिनाकडे लक्ष जाते; खालच्या ब्रेक नळ्यांकडे मात्र सहसा कोणी वाकून पाहत नाही. खारा वारा, पावसाळ्यातील चिखल आणि पोत्यातून सांडलेले म्युरेट ऑफ पोटॅश यांमुळे पोलादी नळी बाहेरून गंजत जाते. या खतातील क्लोराइडमुळे गंज झपाट्याने वाढतो. जोरात ब्रेक दाबल्यास नळीत दर चौरस सेंटिमीटरला १०० किलोपर्यंत दाब येऊ शकतो. म्हणून झिजलेली नळी फुटते ती नेमकी घाटातील उतारावर. काही जुन्या गाड्यांत चारही चाके एकाच सर्किटवर असतात. तेथे एक नळी फुटली की सारेच ब्रेक जातात.

चासीवर क्लिप असलेल्या जागा व मागील अॅक्सल प्रथम तपासावे. चिखल साचतो तो तेथेच. तारेच्या ब्रशने हलकेच घासावे. नुसता तांबूस डाग असल्यास हरकत नाही. पण खवले निघत असल्यास, खड्डे पडले असल्यास किंवा ओल दिसल्यास गाडी रस्त्यावर काढू नये.

फुटलेली नळी झाळून घेणे किंवा रबरी तुकडा घालून क्लॅम्प आवळणे हे प्रकार जिवाशी खेळ आहेत. नळी पूर्ण लांबीची, ब्रेकसाठीचीच, पोलादी अथवा तांबे-निकेल मिश्रधातूची घ्यावी; साधी तांब्याची नको. टोकांना दुहेरी फ्लेअर यंत्रावर काढून घ्यावा. हे काम अनुभवी फिटरकडूनच करवावे. चार पैसे वाचवण्याची ही जागा नव्हे. नळी मूळ मार्गानेच न्यावी, सायलेन्सरपासून दूर ठेवावी व सर्व क्लिपा परत लावाव्यात.

त्यानंतर हवा काढावी. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून करावी. टाकी मध्येच रिकामी होऊ देऊ नये. ब्रेक ऑइल गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलेच, सीलबंद डब्यातील वापरावे. नावात ऑइल असले तरी ते इंजिनाचे तेल नव्हे. इंजिन ऑइल वा डिझेल पडल्यास रबरी वायसर फुगतात. गंज लागू नये म्हणून खालून जळके ऑइल फवारणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे, रबरी होज त्यानेच खराब होतात.

शेवटी पेडल मिनिटभर जोरात दाबून धरावे व दुसऱ्याने प्रत्येक जोड पाहावा. पेडल हळूहळू खाली जात असल्यास कोठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडर खराब आहे. सर्व ठीक दिसल्यावर प्रथम रिकामी गाडी सपाट जागी हळू चालवून पाहावी, मगच पेट्या भराव्यात.