मोडीत काढलेली विमाने

मंडळी, मोड हा शब्द तुमच्या चांगल्या परिचयाचा आहे. आठवड्याच्या बाजारात तांब्यापितळेची मोड घेणारा बसतो. फुटका हंडा, चेपलेली घागर तागडीत टाकतो आणि वजनावर पैसे देतो. तो हंडा कुणाच्या आजीने किती हौसेने घेतला होता, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. आज जी मोड पाहायची आहे ती मात्र तागडीत मावणारी नाही. ती आहे दुसऱ्या महायुद्धातल्या प्रचंड बॉम्बफेकी विमानांची.

1945 साली युद्ध संपले आणि अमेरिकेपुढे प्रश्न पडला, की एवढ्या विमानांचे करायचे काय? एकट्या लिबरेटर जातीचीच अठरा हजारांवर विमाने त्यांनी बांधली होती. मग ॲरिझोना राज्यातल्या वाळवंटात त्यांना नेऊन उभे केले. वाळवंटच का? आपल्याकडे पावसाळ्यात विळा अंगणात राहिला, तर चार दिवसांत त्याला गंज चढतो. तिथे पाऊस अगदी थोडा आणि हवा कोरडी, त्यामुळे धातू टिकतो. शिवाय जमीन कठीण. आपल्या काळ्या रानात असले विमान भर पावसात उभे केले, तर चाके आसापर्यंत रुततील. तिथे फरशी न घालताही ते उभे राहते. किंगमन या गावाजवळ पाच हजारांवर विमाने अशी ओळीने लागली. इंजिने काढली, पंख कापले आणि उरलेले भट्टीत घालून ॲल्युमिनियमच्या लाद्या पाडल्या. काही तर कारखान्यातून थेट तिथे आली होती. युद्ध त्यांनी पाहिलेच नव्हते.

आता आपल्या देशाकडे या. ब्रह्मदेशातल्या जपानी फौजांवर हल्ले करण्यासाठी ब्रिटिश विमानदळाने हिंदुस्थानात लिबरेटर विमाने आणली होती. ती अमेरिकेकडून उसनवारीच्या करारावर मिळालेली. उसनवारीचे नियम आपण जाणतोच. काम झाले की वस्तू परत करावी, नाहीतर किंमत मोजावी. इथे तिसरी वाटही होती : वस्तू कुणाच्याच उपयोगाची राहणार नाही अशी करून टाकावी. युद्ध संपल्यावर कानपूरजवळच्या चकेरी विमानतळावर ही विमाने गोळा झाली आणि ब्रिटिशांनी तीच तिसरी वाट धरली. अंगाला भोके पाडली, आतली घड्याळे आणि मोजमापाची उपकरणे फोडली, इंजिनांत वाळू घातली. पुढे कुणी ती उडवू नयेत, हाच हेतू होता. आणि मग ती ऊनपावसात सोडून दिली.

1947 साली स्वातंत्र्य आले. पाठोपाठ काश्मीरची लढाई सुरू झाली. भारतीय विमानदळाकडे जड बॉम्बफेके विमान एकही नव्हते आणि नवीन विकत घ्यायला पैसा नव्हता. तेव्हा कानपूरच्या त्या मोडीकडे पुन्हा पाहावे असे ठरले. काम सोपवले बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्याकडे. हा कारखाना 1940 साली म्हैसूर सरकारच्या साहाय्याने काढला होता वालचंद हिराचंद यांनी. सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे, तेच हे वालचंद. युद्धकाळात या कारखान्यात अमेरिकन विमाने आणि इंजिने दुरुस्तीला येत असत. त्यामुळे तिथल्या फिटर-मिस्त्रींचे हात या कामाला सरावलेले होते. ही गोष्ट ध्यानात ठेवा. नुसत्या हिमतीवर हे काम झालेले नाही.

त्यांनी केले काय? एकेक विमान तपासले. ज्याचा सांगाडा धड होता ते निवडले. एकाचे इंजिन बिघडले असेल, तर शेजारच्याचे काढून बसवले; याचा पंख, त्याचे चाक, तिसऱ्याची नळी. बंगलोरपर्यंत पोचेल इतपत डागडुजी कानपुरातच करायची आणि पुरी दुरुस्ती कारखान्यात. पण कानपूरहून बंगलोर सुमारे पंधराशे किलोमीटर! अशी अर्धीमुर्धी सावरलेली विमाने न्यायची कुणी? कारखान्याचे वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती नेली. एक नाही, दोन नाही, 42 विमाने त्यांनी सुखरूप पोचवली. नोव्हेंबर 1948 मध्ये या विमानांवर विमानदळाची पाच नंबरची तुकडी उभी राहिली. 1951 साली सहा नंबरच्या तुकडीलाही हीच विमाने मिळाली आणि ती समुद्रावर गस्त घालू लागली. पुण्याजवळच्या लोहगावला त्यांचा मुक्काम असे. 1968 सालापर्यंत, म्हणजे तब्बल वीस वर्षे, ही मोड आकाशात उडत होती.

तोवर जगातली बहुतेक लिबरेटर विमाने भट्टीत गेलेली. मग परदेशी संग्रहालयांनी भारताकडे मागणी केली. एक विमान कॅनडात गेले, एक ब्रिटनमध्ये. एक 1969 साली पुण्याहून उडाले ते थेट अमेरिकेत, ॲरिझोनातल्या टूसॉन गावी उतरले. ज्या राज्यात त्याची भावंडे वितळवली, तिथेच ते आज संग्रहालयात उभे आहे. दिल्लीला पालमच्या संग्रहालयातही एक पाहायला मिळते.

तुम्ही विचाराल, मग अमेरिकेने वेडेपणा केला का? तसे म्हणता येणार नाही. त्यांना विमानांची गरज उरली नव्हती, धातूची होती. आपल्याला विमानांची होती. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा किर्लोस्करांना दिल्या आणि कुंडलशेजारच्या किर्लोस्करवाडीत त्या वितळवून नांगर झाले. तिथे वितळवणेच शहाणपणाचे होते. वस्तू मोडीत घालायची की नीट करायची, हे तिच्या गंजावरून ठरत नाही. आज आपल्याला काय हवे आहे, आपल्या हातांना काय येते आणि सुटे भाग कुठे मिळतील, यावरून ते ठरते. विहिरीवरचे इंजिन बंद पडले, तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी मिस्त्रीला एवढेच विचारा : यातला नेमका कोणता भाग गेला आहे?

आणि गुरुजी, शाळेच्या पटांगणावर मुलांकडून 110 फूट दोरी ताणून घ्या. तेवढा या विमानाच्या पंखांचा पसारा. इंजिने चार, प्रत्येकी 1,200 अश्वशक्तीची. पाच अश्वशक्तीचे किती पंप मिळून एक विमान होईल, हा हिशेब मुलांनाच करू द्या. मग नकाशावर कानपूर, बंगलोर, पुणे आणि टूसॉन ही चार गावे त्यांच्याकडून शोधून घ्या. एका विमानाचा सारा प्रवास त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहील.