करवंदाची जाळी आणि आपला पोटखराबा

आज आपण करवंदाबद्दल बोलू. लहानपणी फळ फोडून 'कोंबडा की कोंबडी' खेळलेले इथं बरेच जण असतील. आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी!

इंग्रजीत याला 'बंगाल करंट' म्हणतात, पण खऱ्या करंटशी याचं नातं नाही. खरे रानटी करंट आपल्या देशात हिमालयातल्या थंडीत वाढतात. आपलं करवंद कण्हेरीच्या कुळातलं. म्हणून तर पान तोडलं की पांढरा चीक येतो.

आता मंठ्यात हा विषय कशाला? सह्याद्रीच्या घाटात करवंदाच्या जाळ्याच जाळ्या दिसतात. आपल्याकडे मात्र काळं रान. कापूस, सोयाबीन, तूर. काळी माती पाणी धरून ठेवते आणि करवंदाच्या मुळांना साचलेलं पाणी सोसत नाही. त्याला निचऱ्याची जागा लागते : मुरमाड टेकाड, ओढ्याची दरड, दगडी बांध. म्हणजे सातबाऱ्यावर जिला आपण पोटखराबा म्हणतो, नेमकी तीच जागा.

ही जागा खरंच खराब आहे का? करवंद सदाहरित आहे. भर उन्हाळ्यात माळ करपलेला असतो, तेव्हा त्याची फळं पिकतात. बुलबुल, साळुंक्या ती खातात आणि बी लांबवर नेऊन टाकतात. काट्यांमुळे जाळीत शेळीचं तोंड पोचत नाही, म्हणून आत पडलेलं लिंबाचं बीही रोप होऊन तग धरतं. उतारावरची माती मुळं धरून ठेवतात, ते वेगळंच.

आज जेसीबीनं एका दिवसात बांध सपाट होतो. दोन तास जास्तीचे मिळतात, पण जाळी गेली की पाखरं जातात आणि बी आणणारंच कुणी उरत नाही.

उपाय अवघड नाही. पिकलेल्या फळातलं बी धुऊन लगेच पिशवीत लावायचं; साठवून ठेवलं तर त्याची उगवण लवकर कमी होते. पुढच्या पावसाळ्यात रोप बांधावर लावा. पहिली दोन वर्षं राखलं की पुढं ते स्वतःला राखतं, आणि तुमच्या बांधालाही.

तेव्हा मंडळी, यंदा यंत्र बोलावण्याआधी एकदा बांधावरून चालून या.