सुई, सिगारेट आणि तपकिरीची डबी

गेल्या ज्येष्ठांत आम्ही नांदेडाहून लातुरास आमच्या धाकट्या बंधूंकडे गेलों, तेव्हां त्यांच्या डाव्या कानावर तीन-चार बारीक चिकटपट्ट्या पाहून आम्हांस नवल वाटलें. कान दुखतो काय, असें विचारतां ते ओशाळून म्हणाले, “कान नाहीं, दादा. सिगारेट सोडतों आहें. आठवड्यांतून दोनदां कानांत सुया टोंचून घेतों आणि मधल्या दिवसांत या पट्टीखालचा दाणा दाबावयाचा. आज एकोणिसावा दिवस.”

बंधूंचें हें व्यसन महाविद्यालयांतील दिवसांपासूनचें, म्हणजे चाळीस वर्षांचें. वडील रागें भरले, भावजयीनें उपास केले, आम्हीं उपदेश केला; उपयोग कांहीं झाला नाहीं. मग आतांच असें काय घडलें? घरांत तीन महिन्यांची नात आहे. आजोबा सिगारेट ओढून खोलींत आले कीं सून एक शब्दही न बोलतां मुलीला उचलून दुसऱ्या खोलींत जात असे. “दादा,” बंधू म्हणाले, “तिच्या न बोलण्यानें जें झालें, तें तुम्हां सर्वांच्या बोलण्यानें झालें नाहीं. पण तुम्ही पुस्तकें वाचतां. या सुयांनीं खरोखर कांहीं होतें काय, तें शोधून मला सांगा.” आम्हीं होकार दिला. जो शोध लागला तो वाचकांपुढें ठेवतों. कारण असा एखादा आप्त ज्या घरांत नाहीं, असें घर विरळाच.

अ‍ॅक्युपंक्चर म्हणजे शरीरावरील ठराविक बिंदूंत केसासारख्या बारीक सुया टोंचण्याची चीनची प्राचीन उपचारपद्धति. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ सालीं काँग्रेसनें पाठविलेल्या वैद्यकीय पथकांतून चीनला गेले व १९४२ सालीं तेथेंच निवर्तले, हें सर्वश्रुत आहे. कोटणीस हे शस्त्रवैद्य. ही विद्या इकडे आली ती त्यांच्या हातून नव्हे. त्याच पथकांतील कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू यांनीं पुढें पुन्हा चीनला जाऊन ती शिकून घेतली व भारतांत तिचा प्रसार केला.

सुश्रुतसंहितेंत कर्णवेध आहे, एकशें सात मर्में आहेत. तेव्हां ही विद्या मूळची आमचीच, असें म्हणण्याचा मोह आमच्यासारख्या संस्कृताच्या शिक्षकास सहज होतो. परंतु सुश्रुतानें बालकाचा कान टोंचावयास सांगितला तो रक्षणासाठीं व भूषणासाठीं. आणि मर्में सांगितलीं तीं शस्त्र चालवितांना जपावीं म्हणून. चरकानें धूमपान सांगितलें तेंही औषधी द्रव्यांचें. तंबाखू ही पोर्तुगीजांबरोबर आलेली अमेरिकेची वनस्पति. सतराव्या शतकाच्या आरंभीं असद बेगानें ती आमच्या दक्षिणेंतील विजापुराहून अकबराच्या दरबारांत नेली. जें ग्रंथांत नाहीं, तें त्यांत आहे असें सांगून ग्रंथांची थोरवी वाढत नाहीं.

व्यसनासाठीं कानांत सुया टोंचण्याची प्रथा तर फारच अलीकडची. कानाचा नकाशा प्रथम फ्रान्समधील डॉ. नोजिए यांनीं १९५० च्या दशकांत मांडला. १९७२ च्या सुमारास हाँगकाँगमध्यें डॉ. वेन हे शस्त्रक्रियेपूर्वीं एका रोग्यास सुया लावून वीज देत असतां, त्याची अफूची तलफ शमल्याचें त्यांच्या ध्यानांत आलें. पुढें न्यूयॉर्कमधील लिंकन रुग्णालयांत कानांतील पांच बिंदूंची पद्धति ठरली, आणि तीच थोड्याफार फरकानें धूम्रपान सोडूं इच्छिणाऱ्यांसही लावूं लागले.

आतां मुख्य प्रश्न. निकोटिन धुराबरोबर कांहीं सेकंदांत मेंदूस पोहोंचतें, आणि सुमारें दोन तासांत त्याचें रक्तांतील प्रमाण निम्म्यावर येतें. म्हणून हात पुन्हा खिशाकडे जातो. सोडल्यावर पहिले तीन-चार दिवस अत्यंत कठीण. चिडचीड, निद्रानाश व बेचैनी तीन-चार आठवड्यांत ओसरतात. सुया या काळांत उपयोगी पडतात काय, हें पाहण्यासाठीं कांहीं लोकांस खऱ्या बिंदूंवर व कांहींस भलत्याच ठिकाणीं सुया लावून तुलना करतात. कोक्रेन संस्थेनें २०१४ सालीं अशा ३८ अभ्यासांचा एकत्र विचार केला. निष्कर्ष असा कीं, पहिल्या कांहीं आठवड्यांत थोडा लाभ दिसतो, परंतु सहा महिन्यांनंतर खऱ्या व खोट्या सुयांत भरंवशाचा फरक उरत नाहीं. उलट निकोटिनच्या गोळ्या, पट्ट्या इत्यादींनीं यशाचा संभव दीडपटीहून किंचित् अधिक होतो, असें त्याच संस्थेच्या दुसऱ्या परीक्षणांत दिसून आलें.

उत्तर मिळालें, पण तें सांगावें कसें? ज्या काठीच्या आधारानें मनुष्य चिखल ओलांडीत आहे, ती पोकळ आहे असें मध्येंच ओरडून सांगणें हें सत्यप्रेम कीं निर्दयपणा? दुसरीकडे असेंही वाटे कीं, उद्यां सुयांचा गुण सरला व ते पुन्हा ओढूं लागले, तर “आपल्याकडून होणें नाहीं” असें समजून ते प्रयत्नच सोडतील. जन्मभर मुलांस खरें बोला म्हणून सांगितलें. सख्ख्या भावापाशीं खोटें बोलण्यास जीभ वळेना. आषाढांत आम्ही पुन्हा लातुरास गेलों आणि सारें सांगितलें.

बंधूंनीं शांतपणें ऐकून घेतलें. मग म्हणाले, “दादा, तुमच्या सदऱ्याच्या खिशांत काय आहे?”

खिशांत तपकिरीची डबी होती. पस्तीस वर्षें आम्हीं मुलांस व्यसनांवर निबंध घातले आणि ते तपासतांना चिमूट नाकांत कोंबली. तपकीर म्हणजेही तंबाखूच, हें आम्हांस ठाऊक नव्हतें असें नाहीं. आम्हीं डबी काढून सुनेच्या हवालीं केली. बंधूंनीं ठरविलें कीं, सुया हव्या तर चालूं राहतील, पण जोडीला डॉक्टरांच्या सल्ल्यानें निकोटिनच्या गोळ्या घ्यावयाच्या.

येथें थोडें व्यवहाराचें. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीप्रमाणें महाराष्ट्रांतील प्रौढांपैकीं शेंकडा ३.८ धूम्रपान करीत, तर शेंकडा २४.४ धुराविना तंबाखू सेवन करीत. म्हणजे ओसरीवरील सिगारेटीपेक्षां तोंडांतील चिमूट व माजघरांतील मिश्री यांचाच प्रश्न मोठा; मिश्री दांतांस लावणाऱ्या आजींस व काकूंस या हिशेबांतून वगळूं नये. सोडूं इच्छिणाऱ्यांसाठीं १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत दूरध्वनि आहे. सुया घ्यावयाच्याच तर नोंदणी झालेल्या चिकित्सकाकडून व दर वेळीं नवी निर्जंतुक सुई पाहून घ्याव्या. महाराष्ट्रांत या पद्धतीसाठीं २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे. घरच्यांनीं टोमणे मारूं नयेत. घसरला तर हिशेब मागूं नये.

घसरणें घडतेंच. भाद्रपदांत एका स्नेह्याच्या निरोपसमारंभांत बंधूंनीं दोन सिगारेटी ओढल्या, घरीं येऊन आपण होऊन सांगितलें आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पहिला दिवस मोजला. आमच्या नांदेडास गुरु गोविंदसिंहांचा तख्त हजूर साहिब आहे. खालसा दीक्षा घेतलेल्यास तंबाखू सर्वस्वीं वर्ज्य आणि तें व्रत सारी संगत मिळून पाळते. एकट्याच्या निश्चयापेक्षां सोबतीचें बळ अधिक, हें आमच्या शेजारीं इतकीं वर्षें दिसत असून आम्हीं भावाला मात्र उपदेशच केला.

आतां कार्तिक आहे. बंधू अजून पंधरवड्यांतून एकदां सुयांसाठीं जातात. तेवढा अर्धा तास निवांत बसावयास मिळतें, असें म्हणतात. आम्ही विरोध करीत नाहीं. काय खरें, काय नाहीं, हें त्यांस ठाऊक आहे. आमचा हात अजून दिवसांतून दहादां रिकाम्या खिशाकडे जातो. नात बसूं लागली आहे. परवां आम्ही गेलों तेव्हां सुनेनें तिला आजोबांच्या मांडीवर ठेविलें आणि ती चहा टाकावयास आंत गेली.