प्लगवरचा आठचा आकडा

मोटरसायकलला इरिडियमचा प्लग टाकला तर अ‍ॅव्हरेज वाढेल का? गाडी सर्व्हिसिंगला लावताना हा प्रश्न हमखास निघतो. साध्या प्लगच्या कित्येक पट पैसे मोजायचे तर बदल्यात काही मिळावं, ही अपेक्षा रास्तच आहे. पण इरिडियमकडे वळण्याआधी प्लगच्या पांढऱ्या अंगावर छापलेली अक्षरं आणि आकडे वाचायला हवेत. निवडीचा खरा प्रश्न तिथे लिहिलेला असतो आणि दुकानात त्याबद्दल फार थोडे जण विचारतात.

आपल्याकडच्या कित्येक १००-१२५ सीसी गाड्यांत बसणारा एनजीकेचा ‘सीपीआर८ईए-९’ हा प्लग घ्या. ‘सी’ म्हणजे आट्यांचा व्यास १० मिलिमीटर. ‘पी’ म्हणजे टोक थोडं पुढे आलेलं. ‘आर’ म्हणजे आत रेझिस्टर. ‘ई’ म्हणजे आट्यांची लांबी १९ मिलिमीटर, आणि शेवटचा ९ म्हणजे ठिणगीची फट ०.९ मिलिमीटर. व्यास चुकला तर प्लग बसणारच नाही. लांबी जास्त झाली तर टोक पिस्टनला ठोकू शकतं. या चुका लगेच कळतात. न कळणारी चूक होते ती मधल्या ८ या आकड्यात. तो आहे हीट रेंज, म्हणजे प्लग स्वतःच्या टोकावरची उष्णता किती लवकर सोडून देतो याचं माप.

प्लगचं काम ठिणगी पाडण्याचं, मग उष्णतेचा एवढा बाऊ कशाला? कारण ठिणगी क्षणभराची असते, पण आगीत टोक सतत असतं. फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल तर सेकंदाला ५० वेळा त्याच्यासमोर पेट्रोल पेटतं. ती उष्णता टोकाकडून सिरॅमिकमधून, मग लोखंडी अंगातून, आट्यांतून सिलिंडर हेडमध्ये जाते आणि तिथून बाहेरच्या फिन्सवरून हवेत. उकळत्या कढईत लांब दांड्याची पळी ठेवली तर हाताला चटका लागायला बराच वेळ लागतो. आखूड दांड्याची पळी मात्र लगेच सोडावी लागते. प्लगच्या आत सिरॅमिकचं नाक असंच असतं. नाक लांब असेल तर उष्णतेला हेडपर्यंत पोचायला लांबचा रस्ता पडतो आणि टोक तापलेलं राहतं. हा गरम प्लग. नाक आखूड असेल तर उष्णता झटकन निघून जाते. हा थंड प्लग. ठिणगी दोन्हींत सारखीच.

टोकाचं तापमान साधारण ४५० ते ५०० अंश सेल्सियसच्या वर राहिलं तर त्यावर बसणारी काजळी जळून जाते आणि प्लग आपला आपण स्वच्छ राहतो. त्याखाली राहिलं तर कार्बन साचतो. कार्बनमधून वीज वाहते, त्यामुळे ती फट ओलांडण्याऐवजी नाकावरून सरपटत अंगात उतरते आणि गाडी मिस मारते. उलट टोक ८५० अंशांच्या पुढे गेलं, तर ते निखाऱ्यासारखं लाल होऊन ठिणगीची वाट न पाहता मिश्रण पेटवतं. पिस्टन अजून वर येत असतानाच स्फोट होतो, आणि हे चालत राहिलं तर पिस्टनला भोक पडतं. काजळीने गाडी बंद पडते, पण निखारा इंजिनच खातो. म्हणून शंका असेल तेव्हा जाणकार मेकॅनिक गरम प्लगकडे झुकत नाहीत.

चेतक, लॅम्ब्रेटा, राजदूत, जावा यांच्या काळात काजळीची ही गोष्ट प्रत्येक चालकाला अनुभवाने माहीत होती. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर ऑइलही जळायचं, त्यामुळे प्लगवर थर चढायचाच. डिकीत एक जादा प्लग, प्लगपाना आणि पॉलिशपेपरचा तुकडा ठेवल्याशिवाय कुणी लांबच्या रस्त्याला निघत नसे.

आता एक सापळा. जपानच्या एनजीके आणि डेन्सो या कंपन्यांमध्ये आकडा जितका मोठा तितका प्लग थंड. जर्मनीच्या बॉश आणि अमेरिकेच्या चॅम्पियनमध्ये नेमकं उलट, मोठा आकडा म्हणजे गरम प्लग. त्यामुळे “साहेब, त्या कंपनीचा आठ नाही, या कंपनीचा आठ देतो” असं कुणी म्हणालं तर तो प्लग घेऊ नये. एनजीकेच्या प्लगमध्ये एक आकडा बदलला की टोकाचं तापमान ७० ते १०० अंशांनी हलतं. कंपनी बदलायची तर तिच्या तक्त्यातला समतुल्य प्लगच शोधावा लागतो.

‘आर’ या अक्षराची कथा याहून रंजक आहे, आणि तिच्यात एक शास्त्रज्ञ दडलेला आहे. ठिणगीने पेट्रोल पेटवण्याचं श्रेय इतिहासात बहुतेकदा रॉबर्ट बॉशच्या कारखान्याला दिलं जातं. त्यात खोटं काही नाही. बॉशचा अभियंता गॉटलोब होनोल्ड याने १९०२मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला जोडलेला प्लग असा भरवशाचा जोड तयार केला आणि वेगवान इंजिनांचा रस्ता मोकळा झाला. विजेच्या ठिणगीवर चालणारं गॅस इंजिन त्याआधी चाळीस वर्षं, १८६०मध्ये, एतिएन लन्वार याने बनवलं होतं. या दोघांच्या नावांत ऑलिव्हर लॉज मात्र हरवून जातात.

लॉज हे इंग्लंडमधले भौतिकशास्त्रज्ञ, पुढे बर्मिंगहॅम विद्यापीठाचे पहिले प्राचार्य. आकाशातल्या विजेपासून इमारती कशा वाचवाव्यात, या प्रश्नापायी ते लेडन जारमधून सुटणाऱ्या ठिणग्यांच्या मागे लागले. लेडन जार म्हणजे त्या काळचा कपॅसिटर. त्यात साठवलेला भार एका झटक्यात सोडला की ठिणगी इतकी तडाखेबंद पडते की विजेला काजळीवरून सरपटायला सवडच मिळत नाही. लॉज यांनी याच तत्त्वावर इंजिनासाठी इग्नायटर तयार केला. त्यांच्या मुलांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यावर कंपनी काढली आणि लॉज प्लग पुढे ब्रिटनच्या शर्यतीच्या गाड्यांत आणि विमानांत दिसू लागले. आपल्याकडे “सीडीआय गेला” असं म्हणत मेकॅनिक जी काळी डबी बदलतो, तिचंही तत्त्व तेच आहे. कपॅसिटर भरायचा आणि एका फटक्यात रिकामा करायचा. त्या डबीबरोबर लॉज यांचं नाव कुणी घेत नाही, आणि ते घ्यायला हवं.

याच लॉज यांनी जून १८९४मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हर्ट्झच्या लहरींवर व्याख्यान दिलं. हर्ट्झने रेडिओलहरी निर्माण केल्या होत्या त्याही ठिणगीतूनच. हे व्याख्यान छापून आलं आणि ते वाचून कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस कामाला लागले. १८९५मध्ये त्यांनी कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये तारेविना दूरवरची घंटा वाजवून दाखवली आणि बंदुकीची दारू पेटवली. प्रत्येक ठिणगी ही एक छोटी प्रक्षेपण यंत्रणा असते, हे हर्ट्झच्या प्रयोगांपासूनच ठाऊक होतं. मोटरसायकलचा प्लगही त्याला अपवाद नाही. जुन्या गाडीशेजारी रेडिओ लावला की येणारी खरखर हीच. ती दाबण्यासाठी प्लगमध्ये साधारण ५००० ओहमचा रेझिस्टर घालतात. एप्रिल २०२०पासून बीएस-६ लागू झाल्यावर नव्या गाड्यांत फ्युएल इंजेक्शन आणि त्याचा छोटा संगणक आला. ही खरखर त्याच्याही कामात व्यत्यय आणू शकते. म्हणून ‘आर’ असलेल्या प्लगच्या जागी ‘आर’ नसलेला बसवू नये, मग तो कितीही “जोरदार ठिणगी देतो” असं कुणी सांगो.

जोरदार ठिणगी पाहण्याची आपली पद्धतही तपासायला हवी. प्लग काढायचा, इंजिनाला टेकवायचा, किक मारायची आणि निळी ठिणगी दिसली की प्लग चांगला ठरवायचा. फ्रीडरिश पाशेन याने १८८९मध्ये दाखवलं, की फट ओलांडायला लागणारा विद्युतदाब फटीच्या रुंदीवर आणि हवेच्या दाबावर, दोन्हींवर अवलंबून असतो. उघड्या हवेत एक मिलिमीटरला साधारण ३००० व्होल्ट पुरतात. सिलिंडरमध्ये मिश्रण दाबलं जातं तेव्हा हवेचा दाब बाहेरच्या कित्येक पट असतो आणि व्होल्टही त्या प्रमाणात जास्त लागतात. त्यामुळे बाहेर झकास ठिणगी देणारा प्लग घाटात, पूर्ण थ्रॉटलवर, नेमका मिस मारू शकतो. बाहेर ठिणगी दिसली नाही तर बिघाड नक्की, पण दिसली म्हणून प्लग चांगला असं म्हणता येत नाही. शिवाय आजूबाजूला पेट्रोलची वाफ असताना हा प्रयोग धोक्याचा आहे.

आणि आता इरिडियम. या धातूचा वितळबिंदू २४०० अंशांच्या वर आहे, निकेलचा १४५५. ठिणगीच्या प्रत्येक फटक्याला धातूचे कण उडतात, कडा गोल होते आणि फट रुंदावते. निकेलचं टोक म्हणून जाड ठेवावं लागतं. इरिडियम इतकं चिवट की त्याचं टोक ०.४ किंवा ०.६ मिलिमीटर इतकं बारीक करता येतं. बारीक टोकापाशी विद्युतक्षेत्र एकवटतं आणि ठिणगी कमी व्होल्टमध्ये पडते. बारीक टोक ज्योतीच्या पहिल्या ठिपक्याची उष्णताही कमी शोषतं. म्हणजे फायदा खरा आहे. थंडीत स्टार्टिंग सोपं, आयडलिंग स्थिर, आणि आयुष्य निकेलच्या प्लगपेक्षा खूप जास्त.

या धातूचा आपल्या सह्याद्रीशीही संबंध आहे. पृथ्वीच्या कवचात इरिडियम अत्यंत दुर्मीळ, उल्कांमध्ये मात्र भरपूर. लुईस आणि वॉल्टर अल्वारेझ या बापलेकांनी १९८०मध्ये डायनोसॉर संपले त्या काळच्या मातीच्या थरात इरिडियमचा असाधारण साठा दाखवला आणि अशनीच्या आघाताची कल्पना मांडली. त्या विनाशाचा दुसरा संशयित म्हणजे दख्खनचा ज्वालामुखी. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या त्याच सुमारास ज्याने लाव्हा ओतला, आणि ज्याच्या बेसॉल्टवर आज महाराष्ट्राचे गडकोट उभे आहेत.

मात्र अ‍ॅव्हरेजच्या आणि पिकअपच्या दाव्यांवर विश्वास ठेवायला जागा नाही. धडधाकट इंजिनात निकेलचा नवा, योग्य हीट रेंजचा प्लग मिश्रण पूर्ण पेटवतोच. पेटलेल्या मिश्रणातली ऊर्जा पेट्रोलची असते, प्लगची नाही. जुना, झिजलेला प्लग काढून इरिडियम टाकला की गाडी सुधारल्यासारखी वाटते. तिथे नवा निकेल टाकला असता तरी सुधारलीच असती. अमेरिकेत स्प्लिटफायर नावाचे दुभंगलेल्या टोकाचे प्लग ताकद आणि मायलेज वाढवतात म्हणून खपवले जात होते. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने १९९७मध्ये पुराव्याविना असे दावे करायला कंपनीला मनाई केली. दोन-तीन-चार टोकांच्या प्लगचंही तेच. एका वेळी ठिणगी एकाच टोकावर पडते. बाकीची टोकं झीज वाटून घेतात एवढाच त्यांचा उपयोग.

ठिणग्यांची संख्या वाढवून खरोखर काही साधायचं असेल तर प्लगच दोन लागतात, आणि ते दूर-दूर. पुण्याच्या बजाज ऑटोने २००३मध्ये पल्सरमध्ये आणलेलं डीटीएस-आय हेच होतं. दोन व्हॉल्व्हच्या हेडमध्ये प्लग मध्यभागी बसवता येत नाही, ज्योतीला एका कडेपासून दुसरीपर्यंत धावावं लागतं. समोरासमोर दोन प्लग ठेवले की ते अंतर घटतं आणि मिश्रण लवकर जळतं. दोन प्लगची कल्पना जुनीच. अल्फाने (म्हणजे पुढच्या अल्फा रोमिओने) १९१४च्या ग्राँ प्री गाडीत ती वापरली होती. पण रोजच्या वापरातल्या छोट्या मोटरसायकलवर ती उतरवण्याचं श्रेय पुण्याचं. पुढे टीव्हीएसबरोबरचा पेटंटचा वाद २००९मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. अशा गाडीचे दोन्ही प्लग एकदम बदलावेत, एक नवा एक जुना ठेवू नये.

तेव्हा प्लग घेताना गाडीच्या पुस्तिकेतला क्रमांक कागदावर लिहून न्या आणि तोच मागा. टाकी काढल्याशिवाय हात पोचत नाही अशा ठिकाणी प्लग असेल, किंवा लडाखसारखा लांबचा बेत असेल, तर त्याच हीट रेंजचा इरिडियम जरूर घ्या, पैसे वसूल होतील. रोज ऑफिसला जाणाऱ्या १०० सीसीला निकेल पुरेसा आहे. इरिडियमची फट नेमकी करूनच येते, तिच्यात फट मोजायची पट्टी (फीलर गेज) खुपसू नका, बारीक टोक मोडतं. प्लग थंड इंजिनावरच बदला. १० मिलिमीटरच्या आट्यांचा नवा प्लग हाताने टेकेपर्यंत फिरवा आणि मग पान्याने साधारण अर्धा फेरा द्या. हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं, आणि त्यातले आटे गेले तर तो खर्च कोणत्याही इरिडियमपेक्षा मोठा असतो.