बिझनेस ई-मेलसाठी एसएसएल घ्यायचंय? पैसे भरण्याआधी हे वाचा



समजा, सेलूत तुमचा कापसाचा व्यवसाय आहे. परभणी स्टेशनवर गाडीची वाट बघत तुम्ही फुकटच्या वाय-फायवर ऑफिसचा मेल उघडला. त्यात भाव, बिलं, बँक खात्याचा नंबर, सगळं आहे. मधल्या मध्ये कुणी पासवर्ड टिपला, तर तो तुमच्याच पत्त्यावरून व्यापाऱ्याला कळवू शकतो, ‘आमचं बँक खातं बदललंय.’ माल तुमचा, पैसे भलत्याच्याच खात्यात!

हे टाळण्यासाठी एसएसएल सर्टिफिकेट. ते दोन कामं करतं. मोबाइल आणि मेल सर्व्हरमधली माहिती कुलूपबंद करतं, आणि समोरचा सर्व्हर तुमचाच आहे याची खात्री देतं.

आधी बघा, विकत घ्यायची गरज आहे का?

१. तुमचा मेल गुगल वर्कस्पेस, मायक्रोसॉफ्ट ३६५ किंवा झोहो मेलवर असेल, तर सर्टिफिकेट त्यांचंच असतं. तुम्हाला एक रुपयाही खर्च नाही.

२. मेल होस्टिंग कंपनीकडे असेल आणि सीपॅनल मिळालं असेल, तर ‘ऑटो एसएसएल’ चालू आहे का, विचारा. त्यातून मोफत सर्टिफिकेट मिळतं.

३. ऑफिसात स्वतःचा मेल सर्व्हर असेल, तरच सर्टिफिकेटची सोय तुम्हाला करावी लागते. त्यासाठीही ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही ना-नफा सेवा मोफत देते.

महाग म्हणजे जास्त सुरक्षित?

नाही. सर्टिफिकेट तीन प्रकारची असतात: डीव्ही, ओव्ही आणि ईव्ही. डीव्हीत फक्त डोमेन तुमचं आहे का, हे तपासतात. बाकी दोघांत कंपनीची कागदपत्रंही बघतात, म्हणून किंमत वाढते. कुलूप मात्र तितकंच मजबूत. मेलसाठी डीव्ही पुरतं.

घेताना काय बघायचं?

नावं बघा. सर्टिफिकेटवर जी नावं आहेत, तेवढ्यांनाच ते चालतं. ‘मेल’, ‘वेबमेल’, ‘ऑटोडिस्कव्हर’ अशी तुमच्या डोमेनपुढची जी नावं वापरता, ती सगळी त्यात हवीत.

मुदत बघा. लेट्स एन्क्रिप्टचं नेहमीचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं. विकतच्या सर्टिफिकेटची कमाल मुदतही नव्या नियमांनी घटतेय: १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ मध्ये १०० आणि २०२९ मध्ये ४७ दिवस. म्हणजे ‘तीन वर्षांचं पॅकेज’ घेतलं, तरी सर्टिफिकेट पुन्हा पुन्हा बसवावंच लागणार. म्हणून आपोआप नूतनीकरण होतं का, हा प्रश्न किमतीच्या आधी विचारा.

आणि हो, स्वतःच बनवलेलं सर्टिफिकेट नको. त्यावर दरवेळी धोक्याची सूचना येते आणि कामावरची पोरं ती न वाचताच पुढे जायला शिकतात. मग खरा धोका आला, तरी बोट तिथंच पडतं.

एक लक्षात ठेवा. सर्टिफिकेट वाट सुरक्षित करतं. फसवी लिंक किंवा ‘१२३४५६’ असा पासवर्ड त्याच्या हातात नाही. दोन टप्प्यांची पडताळणी चालू ठेवा. बँक खातं बदलल्याचा मेल आला, तर जुन्या नंबरवर फोन करून खात्री करा. पैसे गेलेच, तर लगेच १९३० वर कॉल करा.

आजचा गृहपाठ: तुमच्या होस्टिंगवाल्याला फोन लावा आणि तीनच प्रश्न विचारा. सर्टिफिकेट आहे का? कोणकोणत्या नावांसाठी आहे? ते आपोआप नवं होतं का? उत्तरं मिळाल्याशिवाय खिशात हात घालू नका!